स्कायचं बेट: सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने तिथे काय पाहावं?

डोंगरमुंगी | १४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून इकडे लीड्सला येतायत. बाबा ७१, आई ६६. बाबांनी उभं आयुष्य सह्याद्री तुडवण्यात घालवलं. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने ते चार वेळा चढलेत आणि त्या चार वेळा मी चाळीस वेळा ऐकल्यात. आता गुडघे बोलतात, पण बाबा त्याहून जास्त बोलतात.

मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्काय बेटाचा बेत काढला. फोनवर चार फोटो पाठवले. उत्तर आलं, "काळा कातळ, हिरवं गवत आणि ढग. हे तर जुलैतलं माळशेज. यासाठी एवढं लांब कशाला जायचं?"

खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः अजून गेलेलो नाही. तर जाऊन आलेल्यांनी सांगा: तिथे खरंच काही वेगळं आहे का? आणि तीन दिवसांत, फार चढउतार न करता, काय काय बघता येईल? बाबा "मी चढेन" म्हणतील, त्याकडे लक्ष देऊ नका.

---

चकलीचा_वेढा | १४ मे, रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवते. आम्हालाही सप्टेंबरमध्ये जायचंय.

---

निवांत_नाना | १४ मे, रात्री १०:४१

बाबांचं बरोबर आहे. माळशेजला जा. तिथे भजी मिळतात.

---

झिम्माड | १४ मे, रात्री ११:०५

आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेलो होतो. 'ओल्ड मॅन ऑफ स्टॉर' म्हणून पन्नासेक मीटरचा एक सुळका आहे, स्कायच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतो तो. तासभर चढून गेलो. म्हातारा घरी नव्हता. ढग इतका दाट की पुढे चाललेल्या नवऱ्याचा केशरी रेनकोट तेवढा दिसायचा, त्यातला नवरा दिसायचा नाही. खाली उतरून गाडीत बसलो आणि पंधरा मिनिटांत लख्ख ऊन. परत चढायची ताकद कुणात होती?

गेलिक भाषेत या बेटाचं लाडाचं नावच 'धुक्याचं बेट' आहे, हे घरी आल्यावर वाचलं. तीन दिवस म्हणजे जुगार आहे. चार ठेवा.

---

खडकूशेठ | १५ मे, सकाळी ७:३०

कुणीतरी दगडाचा विषय काढायचाच अवकाश होता. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

डोंगरमुंगी, बाबांना सांग की त्यांचं बरोबरही आहे आणि चूकही. बरोबर यासाठी, की स्कायचा उत्तरेकडचा भाग म्हणजे आपलाच बेसाल्ट. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, स्कायचा सहा कोटींच्या आसपासचा. भूशास्त्रात एवढ्या फरकाला पाठची भावंडं म्हणतात. आपला लाव्हा आला तेव्हा भारत रियुनियनच्या तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येते ती जागा) सरकत होता. स्कायचा आला तेव्हा उत्तर अटलांटिक उघडत होता, आणि त्याला उष्णता देणारा झरा आज आइसलंडखाली आहे. डोंगराला पायऱ्या पडलेल्या दिसतात त्यावरून 'ट्रॅप' हा शब्द आला, मुळात स्वीडिश, अर्थ जिना. त्या पायऱ्या इथेही तशाच. दोन थरांमध्ये आपल्याकडे गेरूसारखा लाल पट्टा असतो ना, म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर त्याची माती व्हायला लागली आणि वर दुसरा आला? तोही स्कायच्या कड्यांत आहे.

चूक यासाठी, की पुढची गोष्ट वेगळी. दोन कारणं.

पहिलं, खाली काय आहे. ट्रॉटर्निश नावाचं उत्तरेचं द्वीपकल्प आहे, तिथे जाड बेसाल्टच्या खाली जुरासिक काळातले चिखलाचे, वाळूचे मऊ थर आहेत. ओल्या गोधडीवर लोखंडी कपाट ठेवल्यावर जे होईल तेच झालं. खालचा थर दबला, सरकला, आणि वरचे डोंगरच्या डोंगर उभेच्या उभे समुद्राकडे घसरत गेले. काही घसरताना मागे कलले, काहींचे तुकडे होऊन सुळके झाले. स्टॉरचा म्हातारा हा असाच घसरलेला तुकडा, आणि उत्तरेला क्विराइंग म्हणून जागा आहे, तिथे तर अख्खा डोंगर मोडून ठेवल्यासारखा दिसतो. ब्रिटनमधला हा सगळ्यात मोठा भूस्खलनाचा पट्टा. कडा जवळजवळ तीस किलोमीटर लांब चालतो.

दुसरं, बर्फ. सह्याद्री पावसाने आणि नद्यांनी कोरला. स्काय हिमनद्यांनी खरवडलं, आणि शेवटचा बर्फ जाऊन जेमतेम साडेअकरा हजार वर्षं झालीत. म्हणून तिथल्या दऱ्या आपल्या घळींसारख्या चिंचोळ्या नाहीत, कढईसारख्या गोल आहेत.

दक्षिणेच्या कूलिन डोंगरांबद्दल वेगळं लिहितो. तो बेसाल्टच नाही.

---

चकलीचा_वेढा | १५ मे, सकाळी ८:०२

ओल्या गोधडीवर लोखंडी कपाट! आमच्या माळ्यावर हेच आहे. स्कायला जायची गरज नाही, सासूबाईंना सांगते.

---

अबर्डीनवाला | १५ मे, सकाळी ९:१५

खडकूशेठ, एक भर. क्विराइंगचं सरकणं अजून थांबलेलं नाही. पायथ्याला फ्लॉडिगॅरीजवळ रस्ता आहे, तो दरवर्षी डागडुजी करावा लागतो कारण जमीनच हलते. मी गेलो तेव्हा डांबरावर नवीन ठिगळं होती आणि त्या ठिगळांनाही भेगा. आपल्याकडच्या रस्त्यांना तरी डोंगराचं निमित्त नसतं.

---

रानवारा | १५ मे, दुपारी १:४०

ज्येष्ठांसाठी क्विराइंगच सगळ्यात सोयीचं. स्टॅफिनहून उईगकडे जाणारा एकेरी रस्ता खिंडीतून वर चढतो आणि गाडी थेट वरच लागते. गाडीतून उतरलं की समोर सगळा पसारा. पुढे पायवाट आहे, पण शंभर पावलं गेलं तरी भागतं.

स्टॉरला मात्र चढ आहे. वाट बांधून काढलीय, पण तीनशेएक मीटर चढायचेत. 'मी चढेन'वाल्यांना खाली वाहनतळावरून दाखवा, तिथूनही सुळका दिसतो (दिसला तर).

एकेरी रस्त्यांबद्दल: जागोजागी 'पासिंग प्लेस' असतात. ज्याला जवळ असेल त्याने थांबायचं आणि जाणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ते एक बोट फार महत्त्वाचं. उचललं नाहीत तर आरशात बघा, मागचा माणूस अजून तुमच्याकडे बघत असतो.

---

नऊवारी | १५ मे, दुपारी ३:१०

किल्ट रॉक कसा विसरलात? स्टॅफिनच्या अलीकडे, रस्त्यालगत, कठड्याशी उभं राहून बघायचं, एक पायरीसुद्धा नाही. नव्वदेक मीटरचा कडा सरळ समुद्रात, आणि वरच्या भागात दगडाचे उभे खांब एकमेकांना खेटून, किल्ट या स्कॉटिश घागऱ्याच्या निऱ्यांसारखे. शेजारून एक धबधबा सरळ समुद्रात पडतो.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडातून निघालं, अगं ही तर नऊवारी नेसलीय! तेव्हापासून हे सदस्यनाव.

---

खडकूशेठ | १५ मे, दुपारी ४:००

नऊवारी, फर्मास. त्या निऱ्या म्हणजे डॉलेराइट. तप्तरस वर न येता जुरासिक थरांच्या मध्ये आडवा घुसला आणि तिथेच सावकाश थंड झाला. थंड होताना आकसला, तडे गेले, खांब झाले. खाली आडवे वाळूचे थर, वर उभ्या निऱ्या. तसे खांब बघायला स्कायला जायलाच हवं असं नाही. अंधेरीतली गिल्बर्ट हिल आहे, पन्हाळ्याजवळ बांदिवडे आहे. गिल्बर्ट हिलला मात्र चहूबाजूंनी इमारती खेटल्यात.

---

निवांत_नाना | १५ मे, दुपारी ४:२२

बघा! शेवटी अंधेरीलाच आलात. लोकल पकडा.

---

तळटीप | १५ मे, संध्याकाळी ६:३५

थोडा विरोधी सूर लावतो. राग मानू नका.

स्काय सुंदर आहे, मान्य. पण त्याचं जे काही करून ठेवलंय! 'फेअरी पूल्स' म्हणजे कूलिनच्या पायथ्याचा ओढा आणि त्यातले डोह. पाणी नितळ निळं-हिरवं, खरंच छान, पण आपण रांगेत चालत होतो की दर्शनाला निघालो होतो कळेना. 'फेअरी ग्लेन' ही उईगजवळची लहानशी दरी, तीही भूस्खलनाचीच लेकरं. तिथे लोक दगड गोळा करून चक्राकार रांगोळ्या काढतात, गावकरी बिचारे ते दगड परत विस्कटतात, दुसऱ्या दिवशी नवीन रांगोळी. बेटाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात किती लोकांनी उतरायचं?

हवामान, गर्दी, खर्च. बाबांचं ऐका.

---

रानवारा | १५ मे, संध्याकाळी ७:१२

तळटीप, राजमाचीला काजव्यांच्या हंगामात गेला नाहीत वाटतं कधी. गर्दी फोटोवाल्या पाच ठिकाणी असते. बेट साडेसोळाशे चौरस किलोमीटरचं आहे. डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळा, मेंढ्यांशिवाय कुणी नाही.

नकाशा बघितला तर हे बेट पंजा पसरल्यासारखं आहे. ट्रॉटर्निश, वॉटर्निश, ड्यूरिनिश, मिंगिनिश, स्लीट ही बोटं आणि मध्ये समुद्र आत घुसलेला. त्यामुळे कुठेही उभे राहा, समुद्र आठ किलोमीटरच्या आतच. नावातलं 'निश' नॉर्स लोकांनी ठेवलेलं, अर्थ भूशिर. म्हणजे नावं व्हायकिंगांची, भाषा गेलिक, आणि वाहनतळाच्या पाट्या इंग्रजी.

---

प्राजक्ताचा_सडा | १५ मे, रात्री ९:५०

सगळे उत्तरेचंच बोलतायत म्हणून लिहिते. मला स्काय कळलं ते दक्षिणेला, लॉख कोरुस्क या तळ्यावर.

एल्गॉल नावाच्या टोकाच्या गावी रस्ता संपतो. तिथून लहान बोट जाते. धक्का म्हणजे दगडी उतार, शेवाळलेला. बोटवाल्या काकांनी माझ्या सासऱ्यांचा हात असा धरला की जणू ते पोत्यासारखे चढवायचे आहेत, आणि खरंच तसेच चढवले. वाटेत खडकावर सील लोळत होते, आमच्याकडे मान वळवायचे कष्टही कुणी घेतले नाहीत.

मग खाडी अरुंद होत गेली आणि डोंगर बाजूंनी वर आले. 'वर आले' असंच वाटतं. आपल्याकडे डोंगर बघायचा म्हणजे आधी गाव, शेत, पायथ्याचं रान, मग चढ. इथे पाण्यातून सरळ कातळ. झाड नाही, झुडूप नाही. काळा-करडा उघडा दगड, त्यावर ओल्या रेघा चकाकतायत.

उतरलो, पाच-दहा मिनिटं चाललो, आणि पलीकडे तळं. समुद्र आणि तळं यांच्यामध्ये एक एवढीशी नदी, काहीशे मीटरची. उगम आणि मुख एकाच फोटोत मावतात. तळ्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे, हिमनदीने एवढं खोल खरवडलंय. मी खडकावर तळवा ठेवला. हा दगड बेसाल्टसारखा गुळगुळीत नव्हता, कानशीसारखा होता. उठताना हाताला टेकू दिला तर तळव्यावर बारीक ठिपके उमटले.

सासरे (तेही जुने डोंगरवाले) अर्धा तास गप्प. नंतर म्हणाले, "इथे देऊळ नाही ना कुठे?" नाही म्हटलं. म्हणाले, "बरं झालं."

---

खडकूशेठ | १५ मे, रात्री १०:३०

प्राजक्ता, तो कानशीसारखा दगड म्हणजे गॅब्रो. हेच ते राहिलेलं उत्तर.

बेसाल्ट आणि गॅब्रो एकाच कुळातले. बेसाल्ट वर येऊन पटकन थंड झाला म्हणून बारीक कणांचा. गॅब्रो पोटातच राहिला, हळूहळू गोठला, म्हणून कण मोठे, जाडसर. म्हणजे कूलिनमध्ये तुम्ही ज्वालामुखीच्या पोटात उभे असता, वरचं सगळं झिजून गेलंय. दख्खनमध्ये आपण कायम वरच्या गच्चीवर, खालचं स्वयंपाकघर काही बघायला मिळत नाही. बाबांना वेगळं दाखवायचं असेल तर हे.

गिर्यारोहकांना गॅब्रो फार आवडतो, बूट चिकटून बसतो. पण त्याच्यात बेसाल्टच्या भिंती घुसल्यात, डाइक. त्या लवकर झिजतात आणि ओल्या झाल्या की साबण. कूलिनच्या धारेवरच्या बऱ्याचशा खाचा अशाच झिजलेल्या डाइकच्या. आपल्याकडे धुळे-नंदुरबारकडे उलटं, तिथे डाइक टिकले आणि आजूबाजूचं झिजलं, म्हणून माळावर भिंती बांधल्यासारख्या टेकड्या.

आणि हो, कूलिनमध्ये होकायंत्रावर विसंबू नका. दगडात लोहचुंबकी खनिज आहे, सुई भलतीकडे वळते.

---

कळसूआई | १५ मे, रात्री ११:१०

सगळ्यात उंच शिखर किती हो तिथलं?

---

अबर्डीनवाला | १५ मे, रात्री ११:१८

स्गूर अलास्टर, ९९२ मीटर. कळसूबाईपेक्षा साडेसहाशे मीटर बुटकं. हसू नका, इथे मोजणी खरोखर समुद्राच्या पाण्यापासून सुरू होते आणि शेवटचा टप्पा दगडगोट्यांची घसरगुंडी. शेजारी 'इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल' आहे, ९८६ मीटर. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या शिखरांना मन्रो म्हणतात, ती सगळी करायचा लोकांना नाद असतो. बाकी सगळी पायी होतात, या एकावर मात्र दोर लावून चढावं लागतं. नाव 'अगम्य सुळका', १८८० मध्ये दोघे भाऊ चढून गेले, तरी नाव बदललं नाही.

---

सुरमई_फ्राय | १६ मे, सकाळी १०:००

अवांतर: चिलटांबद्दल कुणीच बोलत नाही? मिज! मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. मिरीपुडीएवढी, पण हजारोंनी. आम्ही जुलैत कूलिनच्या पायथ्याला तंबू टाकला होता. संध्याकाळी वारा पडला आणि पाच मिनिटांत मॅगीचा रंग बदलला. मी काही म्हणत नाही, प्रथिनं आहेत. पण नवऱ्याने दाढी केली होती, त्याचा चेहरा दुसऱ्या दिवशी कारल्यासारखा.

वारा असेल तर ती उडू शकत नाहीत. म्हणून स्कायवर एकच प्रार्थना: पाऊस नको, पण वारा हवा. जाळीच्या टोप्या घ्या, त्यात माणूस मधमाश्या पाळणारा दिसतो, दिसू द्या.

---

हर्णैचे_आजोबा | १६ मे, सकाळी ११:२५

मी आयुष्यात परदेश पाहिला नाही, मुलगी वाचून दाखवते म्हणून लिहितो. बेट आहे म्हणता आणि भरती-ओहोटीचं कोणी विचारत नाही! किनाऱ्यावरचं काहीही बघायचं तर आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. आम्हाला घड्याळ लागलं नाही.

---

अबर्डीनवाला | १६ मे, दुपारी १२:४०

आजोबा, दंडवत. सूत्र आमच्या आजोळीही होतं. पण स्कायला ते चालवलं तर पाय भिजतील. प्रत्येक किनाऱ्याला लाट आपापल्या वेळेला पोचते. कोकणात पौर्णिमेला दुपारच्या आधी भरती, तर पोर्ट्रीला, म्हणजे स्कायच्या मुख्य गावाला, पौर्णिमेला सकाळी साडेसहा-सातला भरती आणि दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी. म्हणजे जवळजवळ उलटंच. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) मात्र त्याच तिथ्यांना, चंद्र तोच ना.

आणि ओहोटी खरंच कामाची. स्टॅफिनजवळ अ‍ॅन कॉरन म्हणून पुळण आहे, तिथल्या खडकावर डायनोसॉरचे पाय उमटलेत, साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचे. तीन बोटांचे. पण पाणी ओसरलेलं हवं आणि वाळूही हटलेली हवी. हिवाळ्यातल्या वादळांनंतर ती हटते. उन्हाळ्यात बहुतेक वेळा झाकलेली.

---

हर्णैचे_आजोबा | १६ मे, संध्याकाळी ५:०५

उलटं असतं हे नवीनच कळलं. मग तिथल्या लोकांची पाऊणपट किती?

---

अबर्डीनवाला | १६ मे, संध्याकाळी ५:३०

पाऊणपट तीच, वर सातेक तास मिळवा. बारापेक्षा जास्त आले तर बारा वजा करा. पौर्णिमेला सव्वाअकरा अधिक सात, म्हणजे सव्वासहा. जमलं की! आजोबा, तुमचं सूत्र स्कॉटलंडला लागू झालं.

---

नऊवारी | १६ मे, संध्याकाळी ६:१५

हा धागा मी स्कायबद्दल वाचायला उघडला होता, आता पंचांग घेऊन बसलेय.

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: डनव्हेगनच्या पुढे क्लेगनला 'कोरल बीच' आहे. लांबून पांढरी पुळण, पाणी थेट लक्षद्वीपसारखं. पण ते पोवळं नाहीच. चुनखडीचं कवच धरणारी एक समुद्री वनस्पती असते, तिचे वाळलेले तुकडे. मूठभर उचललं तर आल्याच्या पिटुकल्या कुड्यांसारखं दिसतं. पावणेदोन-दोन किलोमीटर सपाट चालायचं, आई-बाबांना सहज जमेल. वाटेत गाई आडव्या बसलेल्या असतात, त्यांना वळसा घाला.

---

जोतं | १६ मे, रात्री ८:४५

इतका वेळ वाचत होते. एक गोष्ट खटकते म्हणून लिहिते. वर दोन-तीन जणांनी 'झाड नाही, माणूस नाही, मेंढ्यांशिवाय कुणी नाही' असं कौतुकाने लिहिलंय. ते नेहमीच तसं नव्हतं.

दक्षिणेला बोरेरेग आणि सुइश्निश अशी दोन गावं होती. १८५३ मध्ये जमीनदाराने कुळांना हाकललं, मेंढ्यांना चरायला जागा हवी म्हणून. मी तिथे चालत गेले आहे. समुद्राकाठी हिरवंगार मैदान, वर कडा, आणि गवतात घरांची जोती. चार दगडांची रांग, दाराची जागा मोकळी, आत रान माजलेलं. माणसं जिथे राहिली, जिथे जनावरं बांधली, तिथलं गवत आजूबाजूपेक्षा गडद हिरवं आहे, दीडशेहून जास्त वर्षांनीही. खत मुरलेलं.

पुढे १८८२ मध्ये पोर्ट्रीजवळच्या ब्रेज गावातल्या बायाबापड्यांनी पोलिसांवर दगड घेतले आणि १८८६ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. निसर्ग बघा, जरूर बघा. पण ओसाडपणा हा तिथला निसर्ग नाही, निदान सगळा नाही.

---

तळटीप | १६ मे, रात्री ९:२०

जोतं, हे माहीत नव्हतं. मी त्या कड्याचे फोटो 'मानवी स्पर्श न झालेलं' असं लिहून टाकले होते. बदलतो.

---

खडकूशेठ | १६ मे, रात्री ९:४५

मान्य. झाडांबाबत एवढंच, की सगळा दोष मेंढ्यांवर टाकता येणार नाही. वारा, खारट हवा, पाणी धरून बसणारी पीटची (अर्धवट कुजलेल्या पाल्याची) जमीन, आणि त्याच्याही आधी हजारो वर्षांची तोड. पण मेंढ्या आणि हरणं नवीन रोप वर येऊ देत नाहीत हे खरंच. कुंपण घातलेल्या तुकड्यात बर्च कसे तरारलेत ते रस्त्यावरूनही दिसतं.

---

निवांत_नाना | १६ मे, रात्री १०:१०

मी काही विनोद करणार होतो, राहू दे.

---

डोंगरमुंगी | १७ मे, सकाळी ८:००

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. चार दिवस ठरवले. खडकूशेठची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. "लोखंडी कपाट" ऐकून म्हणाले, "माणूस पुण्याचा दिसतो." जाऊन आलो की लिहितो.

---

चकलीचा_वेढा | २४ जून, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतेय. काय झालं? बाबा चढले का?

---

डोंगरमुंगी | २६ जून, रात्री ११:४०

आलो परवाच. ग्लासगोहून गाडीने गेलो, पुलावरून. (१९९५ चा पूल, आधी टोल होता, लोक भांडभांडून २००४ मध्ये बंद केला. बाबांना बेटाबद्दलची ही पहिली गोष्ट आवडली.)

पहिला दिवस पूर्ण पाण्यात. स्टॉरचा म्हातारा आम्हालाही भेटला नाही, झिम्माड. राहण्याच्या जागेचं आरक्षण आमच्या नावाने सापडतच नव्हतं, त्यात दीड तास गेला. बाबा खिडकीतून पाऊस बघत "माळशेज, माळशेज" असा जप करत होते.

दुसऱ्या दिवशी क्विराइंग. वर पोचलो तेव्हा ढग होता, आणि मग पडदा सरकवावा तसा गेला. बाबा गाडीतून उतरले आणि काहीच बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर बसले. मी म्हटलं, झालं, आवडलं नाही. तर खिशातून गाडीची किल्ली मागितली. दगडात बारीक छिद्रं होती, त्यात पांढरं काहीतरी भरलेलं. किल्लीच्या टोकाने उकरत म्हणाले, "झिओलाइट. वाघोलीच्या खाणीत असतं तसं. दगड आपलाच आहे रे." मग समोर बोट करून, "पण हे असं आपल्याकडे नाही. आपला कडा जागेवर उभा राहतो. हा चालत निघालाय."

खडकूशेठ, तुमचं कपाट त्यांनी एका स्कॉटिश जोडप्याला इंग्रजीतून समजावलं. गोधडीला इंग्रजी शब्द सापडेना, शेवटी आईची शाल घडी करून वर डबा ठेवून दाखवला. डब्यात थालीपीठं होती. ती त्यांना दिली.

धक्का आईने दिला. जिने आयुष्यात सिंहगडाच्या वर काही चढलं नाही, ती पायवाटेने तुरुतुरु पुढे निघाली. अर्ध्या तासाने एका मेंढीशी बोलत परत आली. तिचा एकच प्रश्न, "झाडं कुठायत?" जोतं, मी तुमची पोस्ट वाचून दाखवली. नंतर दोन दिवस तिला प्रत्येक माळावर जोतीच दिसत होती, आणि त्यातली काही खरोखर होती.

नऊवारीला आईकडून: कोरल बीचवरच्या त्या आल्याच्या कुड्या खरंच आल्यासारख्या. तिने एक पिशवी भरली होती, मी परत ओतायला लावली. एक कुडी पर्समध्ये सापडली, ती बोलणार नाही असं ठरलंय.

---

सुरमई_फ्राय | २७ जून, सकाळी ९:१०

चिलटं?

---

डोंगरमुंगी | २७ जून, सकाळी ९:२५

तिसऱ्या संध्याकाळी. बाबांना टोपी नको होती. 'आम्ही कोकणातले डास पाहिलेत.' दहा मिनिटांनी टोपी मागितली, जाळीच्या आत आधीच शंभर होती.

---

प्राजक्ताचा_सडा | २७ जून, सकाळी १०:००

आणि कोरुस्क? बोट मिळाली का?

---

डोंगरमुंगी | २७ जून, सकाळी १०:३२

नाही ना. चौथ्या दिवशी एल्गॉलला पोचलो आणि वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द. सुरमईची प्रार्थना जरा जास्तच ऐकली गेली. धक्क्यावर उभं राहून पाण्यापलीकडे कूलिन दिसत होते, काळे, वरचा अर्धा भाग ढगात. बाबा वीस मिनिटं वाऱ्यात उभे. गॅब्रोला हात लावायचा राहिला म्हणून चिडलेत.

काल पुण्याला पोचल्यावर फोन केला. म्हणाले, सप्टेंबरात चिलटं कमी असतात ना? तिकीट कोण काढणार विचारलं तर फोन आईकडे दिला.